ग्रीनिच व्हिलेजमध्ये बर्गर खायचा तर कुठे

न्यूयॉर्क पाहायला आलेली आपली मंडळी बर्गर बहुधा टाइम्स स्क्वेअरच्या आसपास खातात. पाय दुखू लागले की समोर दिसेल त्या दुकानात शिरायचे, फलकावरच्या चित्रांपैकी एकाकडे बोट दाखवायचे आणि अर्धा खाऊन झाल्यावर ‘एवढे काय आहे यात’ असे म्हणायचे, हा जवळजवळ ठरलेला क्रम आहे. तक्रार रास्त असते, पण ती त्या दुकानापुरतीच खरी असते. तिथून भुयारी रेल्वेने दहाएक मिनिटांत ‘वेस्ट फोर्थ स्ट्रीट’ स्थानकावर उतरले, की ग्रीनिच व्हिलेज ही वस्ती सुरू होते, आणि या वस्तीत अमेरिकी बर्गरच्या तीन अगदी वेगळ्या घराण्यांचे उत्तम नमुने पायी फिरत चाखता येतात. माझ्या मते हीच या वस्तीची खरी खासियत आहे. एकच ‘सर्वोत्तम’ बर्गर शोधत येणाऱ्याच्या हाती इथे फारसे लागत नाही. आपल्याला कोणत्या घराण्याचा बर्गर आवडतो हे ज्याला ठरवायचे आहे, त्याच्यासाठी मात्र याहून सोयीची जागा मला ठाऊक नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. पुढे ज्यांचे वर्णन येईल ते बर्गर, एक अपवाद वगळता, गोमांसाचे आहेत, आणि अमेरिकेत नुसते ‘बर्गर’ म्हटले की तोच अर्थ धरला जातो. ज्यांना ते चालत नाही त्यांनी शाकाहारी बर्गरच्या परिच्छेदाकडे थेट जावे. तो परिच्छेद शेवटी आला आहे तो त्या दुकानासाठी थोडे जास्त चालावे लागते म्हणून. चवीत ते मागे आहे असा त्याचा अर्थ नाही.

वस्तीचा नकाशा समजून घेणे अवघड आहे आणि त्यात गंमतही आहे. मॅनहॅटनचे सरळ रेषांचे, काटकोनी रस्ते 1811 च्या आराखड्याने ठरवले, पण व्हिलेजचे रस्ते त्याआधीच पडलेले असल्याने ते आपल्या वळणाने गेले. परिणामी वेस्ट फोर्थ स्ट्रीट हा रस्ता वेस्ट टेन्थ, इलेव्हन्थ आणि ट्वेल्फ्थ या रस्त्यांना चक्क छेदून जातो, आणि आकड्यांवर विसंबून चालणारा माणूस हमखास चुकतो. पहिले ठिकाण नेमके याच घोळात, वेस्ट फोर्थ आणि जेन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर आहे.

‘कॉर्नर बिस्ट्रो’ हे नाव फ्रेंच वाटले तरी ती आहे गल्लीच्या कोपऱ्यावरची, काळपट लाकडाची, मंद दिव्यांची दारूची गुत्तावजा जागा, आणि 1961 पासून ती तशीच चालू असल्याची तिची ख्याती आहे. इथला ‘बिस्ट्रो बर्गर’ म्हणजे सुमारे अर्धा पौंड, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास खिम्याची जाड पॅटी, वर चीज, बेकनच्या म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसाच्या पट्ट्या, कांदा, सॅलडचे पान, टोमॅटो आणि लोणच्यातली काकडी. तो येतो कागदी ताटलीत. या जागेने आपल्या बर्गरचा कितीही गवगवा झाला तरी चिनी मातीच्या बशा आणल्या नाहीत, हे मला आवडते. पॅटी शिजते ती तव्यावर नव्हे, तर वरून आच देणाऱ्या ‘सॅलमँडर’ नावाच्या भट्टीत. त्याचा परिणाम जिभेला लगेच कळतो: तव्यावरच्या पॅटीला जी कडक, तपकिरी, करकरीत साल येते ती इथे येत नाही, पण मांसाचा रस आत राहतो आणि पहिल्याच घासाला तो मनगटापर्यंत ओघळतो. कागदी ताटली तोवर तळाशी पारदर्शक झालेली असते. तेव्हा हातरुमाल नव्हे, कागदी रुमालांचा गठ्ठाच जवळ ओढून बसावे.

हे पहिले घराणे, म्हणजे गुत्त्यातला जाड बर्गर. याचे यश दोन गोष्टींवर अवलंबून असते, खिमा किती ताजा आहे आणि तो किती हलक्या हाताने हाताळला आहे यावर. खिमा दाबून, मळून, त्यात आधीच मीठ घालून ठेवला, तर मिठामुळे त्यातली प्रथिने एकमेकांना चिकटतात आणि पॅटीचा पोत सॉसेजसारखा घट्ट, रबरी होतो. म्हणून चांगल्या ठिकाणी मीठ अगदी आचेवर जाण्याआधी, तेही फक्त वरून पेरतात. जाड बर्गर मागवला की वाढणारा हमखास विचारतो, ‘कसा शिजवून हवा?’ आपल्यापैकी अनेकांचा इथे गोंधळ उडतो. ‘मीडियम रेअर’ म्हटले की आत गुलाबी, ओलसर. ‘मीडियम’ म्हटले की जेमतेम गुलाबी. ‘वेल डन’ म्हटले की पूर्ण तपकिरी. अमेरिकी कृषी खात्याचा सल्ला मात्र खिमा आतपर्यंत 71 अंश सेल्सिअसला पोचेल इतका शिजवावा असा आहे, आणि त्यामागचे कारण पटण्यासारखे आहे: अखंड मांसाच्या तुकड्यावरचे जंतू पृष्ठभागावरच असतात व आचेने मरतात, पण खिमा करताना तेच जंतू आतपर्यंत मिसळले जातात. सोबत लहान मुले, गरोदर स्त्री किंवा वयस्कर आईवडील असतील तर त्यांच्यासाठी पूर्ण शिजवलेलाच मागवावा. मात्र जाड पॅटी पूर्ण शिजवली की तिचा रस बराचसा जातो, म्हणून अशा कुटुंबाने या घराण्याच्या वाटेला न जाता पुढच्या, पातळ बर्गरच्या घराण्याकडे वळणे जास्त शहाणपणाचे.

ते घराणे वीसएक मिनिटांच्या अंतरावर, मॅकडूगल स्ट्रीट जिथे हाउस्टन स्ट्रीटला मिळतो तिथे आहे. (या रस्त्याचा उच्चार ‘हाउस्टन’ असाच करावा, टेक्सासमधल्या शहरासारखा ‘ह्यूस्टन’ म्हटले तर टॅक्सीवाला आपण नवखे आहोत हे ताडतो.) दुकानाचे नाव ‘हॅम्बर्गर अमेरिका’. ते 2023 च्या अखेरीस जॉर्ज मोट्झ यांनी सुरू केले. मोट्झ हे मूळचे माहितीपट करणारे गृहस्थ, आणि अमेरिकेच्या गावोगावच्या जुन्या बर्गरच्या दुकानांची नोंद ठेवण्यात त्यांनी उभी कारकीर्द घालवली आहे. अभ्यासकाने दुकान काढले की माहिती उदंड आणि जेवण सुमार, असे होण्याची भीती असते. ती इथे पार खोटी ठरते.

इथे काय मागवायचे याबद्दल माझ्या मनात शंका नाही: तळलेल्या कांद्याचा, ‘फ्राइड अनियन’ बर्गर. शक्य असेल तर काउंटरला लागून असलेल्या स्टुलावर बसावे, कारण हा पदार्थ खाण्याइतकाच पाहण्याचाही आहे. तव्यावर खिम्याचा गोळा पडतो. हा तवा म्हणजे जाड पोलादी सपाट पत्रा, आणि तो इतका तापलेला असतो की गोळा टेकताच चर्र आवाज होतो. त्यावर मूठभर कांदा येतो, कागदासारखा पातळ चिरलेला, आणि मांसाच्या मानाने इतका की पहिल्यांदा पाहणाऱ्याला काहीतरी चुकले असे वाटावे. मग रुंद कालथ्याने दोन्ही हातांचा जोर लावून तो सगळा ढीग तव्यावर असा दाबला जातो की मांसाच्या कडा लेससारख्या विरळ होतात आणि कांदा मांसात रुततो. कडा तपकिरी झाल्या की कालथ्याच्या धारेने पॅटी खरवडून उलटतात. आता कांदा खाली जातो, मांसातून सुटलेल्या चरबीत शिजू लागतो, त्याची काही टोके करपतात, काही नुसती गोड होतात. वर चीजचा काप, त्यावर बन ठेवला जातो, आणि कांद्याची वाफ त्या बनमध्ये मुरते. हे सगळे मोजक्या मिनिटांत आटोपते. हातात येणारी वस्तू दिसायला सामान्य, जराशी चपटीच असते. पण कडेचा करकरीतपणा, मधला ओलावा, कांद्याचा गोडवा आणि करपल्याचा किंचित कडवटपणा हे सगळे एका घासात येते.

दाबण्याचे शास्त्र साधे आहे. मांसाचा जितका भाग तापलेल्या पोलादाला चिकटेल तितका जास्त तपकिरी होईल, आणि बर्गरची जी चव आपण ‘भाजल्याची’ म्हणून ओळखतो ती याच तपकिरी थरात असते. मात्र दाबायचे ते पहिल्या अर्ध्या मिनिटात, चरबी अजून घट्ट असताना. चरबी वितळल्यावर दाबले तर रस तव्यावर सांडतो आणि पॅटी कोरडी पडते. घरी बर्गर करणारे बहुतेक लोक नेमके उशिरा, पॅटी फुगलेली पाहून, दाबतात. आणि पातळ पॅटी आतपर्यंत शिजतेच, त्यामुळे ‘कसा हवा’ हा प्रश्न इथे कोणी विचारत नाही. मुलांना निर्धास्तपणे द्यावा.

कांद्याच्या या बर्गरची कुळकथा ओक्लाहोमा राज्यातल्या एल रेनो या गावाशी जोडलेली आहे. 1920 च्या दशकात मांस महाग आणि कांदा स्वस्त, म्हणून खिम्यात कांदा दाबून पॅटी मोठी दिसेल अशी तजवीज तिथल्या दुकानदारांनी केली, आणि गरिबीतून निघालेली ही युक्ती चवीला इतकी सरस ठरली की सुबत्ता आल्यावरही कोणी ती सोडली नाही. भज्यांच्या घाण्यात तळाशी राहिलेला कुरकुरीत कांदा ज्याने घरात भांडून खाल्ला आहे, त्याला हा बर्गर समजावून सांगावा लागत नाही. दुकानात अमेरिकेच्या निरनिराळ्या भागांतले खास बर्गर आळीपाळीने ठेवले जातात, तेव्हा आधी कांद्याचा एक खाऊन पोटात जागा राहिली तर त्या दिवसाचा खास प्रकार विचारावा. दोन पॅटींचा मागवण्याचा मोह होतो, पण कांदा आणि मांस यांचे प्रमाण मला एकेरीतच जास्त जुळलेले वाटते.

इथे चीजविषयी दोन शब्द, कारण आपल्याकडचे शौकीन लोक अमेरिकी प्रक्रियायुक्त चीजला नाके मुरडतात. जेम्स क्राफ्ट यांनी 1916 मध्ये ज्याचे पेटंट घेतले ते हे चीज नुसते खायला बेचव लागते हे मान्य. पण त्यातल्या क्षारांमुळे ते गरम झाल्यावर तेल आणि चोथा असे फुटत नाही, सलग वितळते आणि पॅटीच्या खाचाखोचांत शिरते. पातळ बर्गरवर उंची, मुरलेले चेडर घातले की ते तेल सोडते आणि खारटपणाने मांसावर कुरघोडी करते. इथे स्वस्तातलेच चीज बरोबर काम करते.

मॅकडूगल स्ट्रीटवरूनच उत्तरेला थोडे चालले की मिनेटा लेनच्या कोपऱ्यावर तिसरे घराणे आहे, आणि दोन दुकानांमधल्या खर्चाची दरी पाहून चक्रावायला होते. ‘मिनेटा टॅव्हर्न’ 1937 पासूनचे. ज्या ओढ्यावरून त्याला नाव मिळाले तो ओढा कधीचाच रस्त्यांखाली गाडला गेला आहे. 2009 मध्ये कीथ मॅकनॅली यांनी ते नव्याने उघडले, त्याच वर्षी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या समीक्षकाने त्याला तीन तारे दिले, आणि तिथल्या ‘ब्लॅक लेबल’ बर्गरने शहरात महागड्या बर्गरचे युग आणले असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. खिमा पॅट लाफ्रिडा या प्रसिद्ध मांसविक्रेत्यांकडचा, आणि त्यात ‘ड्राय-एज्ड’ म्हणजे थंड, कोरड्या हवेत कित्येक आठवडे टांगून मुरवलेले मांस असते. या मुरण्यात पाणी उडून जाते, मांसातली विकरे तंतू सैल करतात आणि चवीला सुकामेव्याची, जुन्या चीजची आठवण देणारा एक खोल वास येतो. म्हणूनच या बर्गरवर चीज नसते. लोण्यात मंद आचेवर शिजवून गडद केलेला कांदा असतो, उत्तम बन असतो, शेजारी बारीक तळलेले बटाटे असतात, आणि बाकी सारे मांसावर सोडलेले असते.

हा बर्गर खरोखर थोर आहे, हे मी निःसंकोच लिहीन. त्याची किंमत तीस डॉलरच्या बरीच वर आहे, हेही लिहिले पाहिजे. ज्याला मुरवलेल्या मांसाची सवय नाही त्याला पहिल्या घासाला तो वास थोडा उग्र वाटण्याची शक्यता आहे, आणि एवढे पैसे मोजून असे वाटणे कोणालाच परवडत नाही. त्यामुळे माझा सल्ला असा की हा बर्गर शेवटी खावा, आधीच्या दोन घराण्यांची ओळख झाल्यावर. टेबल आधी राखून ठेवावे लागते. दोघेच असाल तर दार उघडण्याच्या वेळेलाच जाऊन बारपाशी जागा मिळते का ते पाहावे. भिंतींवरची जुनी व्यंगचित्रे आणि एकेकाळच्या व्हिलेजची भित्तिचित्रे तिथून नीट दिसतात, आणि बर्गर तोच मिळतो.

डाउनिंग स्ट्रीटवरचे ‘एमिली’ हे खरे तर पिझ्झाचे ठिकाण, पण तिथला ‘एमी’ बर्गर पिझ्झाइतकाच नावाजलेला आहे: मुरवलेले मांस, चेडर, गडद कांदा, तिखट-गोड सॉस आणि प्रेट्झेलच्या धाटणीचा, तपकिरी, चिवट सालीचा बन. चव झणझणीत आणि लक्षात राहणारी आहे. माझ्या जिभेला मात्र सॉस पुढे आणि मांस मागे असे वाटते; ज्यांना मसालेदारच आवडते त्यांचे मत याच्या उलट असेल, आणि त्यांनी माझे ऐकू नये. साखळी दुकानांपैकी ‘सेव्हन्थ स्ट्रीट बर्गर’ 2021 मध्ये शेजारच्या ईस्ट व्हिलेजात सुरू झाले आणि आता शहरभर पसरले आहे. आखूड यादी, दाबलेली पॅटी, झटपट काम, भूक लागलेल्या विद्यार्थ्याला यापेक्षा जास्त काय हवे. ‘शेक शॅक’ची कथा मॅडिसन स्क्वेअर पार्कमधल्या एका हॉटडॉगच्या गाडीपासून सुरू झाली आणि 2004 मध्ये तिथे पक्की टपरी उभी राहिली, पण आता तो जगभर मिळतो, त्यासाठी व्हिलेजपर्यंत येण्याचे कारण नाही.

टाळायचे काय, हेही सांगितले पाहिजे. या वस्तीतल्या एका गजबजलेल्या ठिकाणी, ज्याचे नाव मी घेत नाही, माझ्यापुढे वीतभर उंचीचा बर्गर आला होता: दोन जाड पॅटी, तळलेल्या कांद्याची चक्रे, अंडे, वरून खाली आरपार लाकडी काडी. काडी काढताच तो आडवा झाला, खालचा बन आधीच भिजून लगदा झालेला होता, आणि शेवटी सगळे काटा-चमच्याने, ज्याचे त्याचे वेगवेगळे खावे लागले. बर्गर हा एका हातात मावणारा आणि एका घासात सगळे थर येणारा पदार्थ आहे. ज्याला उभे राहायला काडी लागते तो छायाचित्रासाठी रचलेला असतो. अनोळखी दुकान पारखताना मी यादीची लांबी पाहतो आणि बनकडे पाहतो. वीस प्रकारचे बर्गर देणारा एकही प्रकार मन लावून करत नसतो, आणि ज्याचा बन लोणी लावून आतल्या बाजूने शेकलेला नाही, त्याचा बर्गर अर्ध्यातच फाटतो. दारावरच्या काचेत लावलेले आरोग्य खात्याचे अक्षरही बघावे. 2010 पासून शहरात ते लावणे बंधनकारक आहे आणि ‘ए’ ही सर्वांत वरची श्रेणी.

आता शाकाहारी मंडळींसाठी. मॅकडूगल स्ट्रीटवरून पूर्वेला साधारण पंचवीस मिनिटे चालत, टॉम्पकिन्स स्क्वेअर पार्कजवळ ॲव्हेन्यू ए वर ‘सुपिरिऑरिटी बर्गर’ आहे. ब्रुक्स हेडली हे नामांकित हॉटेलातले मिठाईचे आचारी, त्या कामासाठी 2013 मध्ये जेम्स बीअर्ड हा अमेरिकी खाद्यक्षेत्रातला मानाचा पुरस्कार मिळालेले. त्यांनी 2015 मध्ये एका चिंचोळ्या गाळ्यात हे दुकान काढले आणि 2023 मध्ये ‘ओडेसा’ या जुन्या डायनरच्या, म्हणजे साध्या उपाहारगृहाच्या, जागेत ते मोठे केले. सगळी यादी शाकाहारी आहे, त्यामुळे ‘एकाच तव्यावर भाजले का’ हा प्रश्न विचारण्याची वेळच येत नाही. इथल्या पॅटीत किन्वा हे राजगिऱ्यासारखे बारीक धान्य, काबुली चणे, गाजर आणि अक्रोड असतात, वर वितळलेले चीज आणि भाजलेला टोमॅटो. मांसाची नक्कल करण्याचा यात जराही प्रयत्न नाही, आणि म्हणूनच तो यशस्वी होतो: बाहेरून खरपूस, आतून मऊ पण लगदा न झालेला, आकाराने लहान. भुकेल्या माणसाने दोन मागवावेत, आणि सोबत त्या दिवशीची भाजी किंवा आइस्क्रीम जे असेल ते घ्यावे, कारण मिठाईवाल्याचा हात तिथे दिसतो. जे चीज खात नाहीत त्यांनी सांगितले की ते काढून देतात. मांस खाणारे माझे काही स्नेही मुद्दाम इथे येतात.

बिलाबाबत एक सूचना. यादीत छापलेल्या किमतीवर शहरात 8.875 टक्के विक्रीकर लागतो, आणि जिथे टेबलावर वाढतात तिथे त्यावर 18 ते 20 टक्के बक्षिसी देण्याची रीत आहे. म्हणजे मिनेटात छापील किमतीच्या सव्वापटीहून थोड्या अधिक रकमेची तयारी ठेवावी. काउंटरवरून उचलून न्यायच्या ठिकाणी पडद्यावर बक्षिसीचे आकडे येतात, तिथे देणे न देणे आपल्या मर्जीवर आहे.

शुक्रवारी आणि शनिवारी रात्री मॅकडूगल स्ट्रीटवर न्यूयॉर्क विद्यापीठाचे विद्यार्थी आणि विनोदी कार्यक्रमांना आलेले प्रेक्षक यांची अशी गर्दी होते की पदपथावरून सरळ चालता येत नाही. ज्याला ती गजबज हवी आहे त्याने त्याच वेळी यावे. कांद्याचा बर्गर निवांत खायचा असेल तर आठवड्यातल्या कामाच्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास जावे. तेव्हा काउंटरपाशी स्टूल मिळते, तव्यावरचा माणूस घाईत नसतो, आणि बर्गर कागदात गुंडाळून घेऊन चार-पाच मिनिटांवरच्या वॉशिंग्टन स्क्वेअर पार्कमधल्या बाकावर बसायचे असेल तर तो तिथे पोचेपर्यंत गरम राहतो.